मतपेटीत न पडलेला कागद : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन निवडणुकांचे छापील प्रचारसाहित्य आणि संग्राहकाची दृष्टी

प्रस्तावना

निवडणुकीच्या प्रचारासाठी छापलेला कागद दीर्घायुषी असावा अशी अपेक्षा कोणाचीच नसते. छापणाऱ्याची नसते, वाटणाऱ्याची नसते आणि तो हातात घेणाऱ्याचीही नसते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीबरोबर हस्तपत्रके, भित्तिपत्रके, शिळाछाप चित्रे, गीतपुस्तिका, प्रचारापुरती चालणारी वृत्तपत्रे, रेशमी फिती आणि पक्षांनी छापलेल्या मतपत्रिका यांचा पूर येत असे आणि निकालानंतर तो ओसरत असे. त्यातील जो अल्पांश आज उपलब्ध आहे तो मुख्यतः खाजगी संग्राहकांच्या छंदामुळे. कॉर्नेल विद्यापीठातील सुझन डग्लस संग्रहात सुमारे ५,५०० वस्तू आहेत. वॉशिंग्टनमधील वकील राल्फ बेकर यांचा संग्रह स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. ट्रॅव्हलर्स विमा कंपनीचे अध्यक्ष जे. डॉयल डेविट यांचा संग्रह हार्टफर्ड विद्यापीठाकडे गेला. त्यासाठी उभारलेले संग्रहालय पुढे बंद पडले, ही गोष्टही या क्षेत्राच्या अस्थिरतेची द्योतक आहे.

या संग्राहकांचे ऋण मोठे आहे. परंतु ऋण मान्य केल्याने प्रश्न संपत नाही. संग्राहकाने जे निवडले, जपले आणि विकत घेतले त्यावरून अभ्यासकाने त्या काळच्या मतदाराविषयी किती बोलावे? प्रस्तुत लेखातील प्रतिपादन असे की, हे साहित्य मुद्रकाविषयी, पक्षसंघटनेविषयी आणि नंतरच्या संग्राहकाविषयी विश्वसनीय साक्ष देते. मतदाराविषयीची त्याची साक्ष मात्र अत्यंत तुटपुंजी आहे, आणि जी थोडी आहे तीही संग्रहाच्या रूढ निकषांमुळे बाजूला पडते.

पक्षाने छापलेली मतपत्रिका

मतपत्रिका म्हणजे शासनाने छापलेला, सर्व उमेदवारांना सारखी जागा देणारा कागद, अशी भारतीय वाचकाची स्वाभाविक समजूत असते. अमेरिकेत १८८८ पूर्वी असा कागदच नव्हता. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांची यादी स्वतः छापून घेई आणि त्याचे कार्यकर्ते ती मतदानकेंद्राबाहेर वाटत. वृत्तपत्रेही आपल्या स्तंभांत अशी यादी छापत. मतदाराने ती कापून घ्यावी एवढेच काम उरे. या पट्टीला 'तिकीट' म्हणत. मराठी राजकीय बोलीत अमुक एकाला पक्षाचे तिकीट मिळाले असे आज सहज म्हटले जाते. इंग्रजी राजकीय परिभाषेतून आलेल्या या शब्दामागे अशीच एक कागदाची पट्टी उभी आहे.

पट्टीचा कागद रंगीत असे, पाठीमागे नक्षी असे, आकार वेगळा असे. हे सर्व शोभेसाठी नव्हते. मतदाराने कोणत्या पक्षाचा कागद पेटीत टाकला हे दुरून ओळखता यावे हा त्यामागील हेतू होता. मालक, सावकार, पक्षाचा दलाल यांच्या नजरेसमोर मत दिले जाई. मतदाराला यादीतील एखादे नाव नको असेल तर तो ते खोडून दुसरे लिहू शकत असे, किंवा मागे डिंक लावलेली, दुसऱ्या उमेदवाराचे नाव छापलेली छोटी चिठ्ठी त्यावर चिकटवू शकत असे. पक्षांना हे अर्थातच रुचत नसे. कॅलिफोर्नियात १८७१ साली नौदलाच्या गोदीजवळील व्हालेहो येथे इतकी अरुंद आणि इतक्या बारीक खिळ्यांची मतपत्रिका वाटली गेली की तिच्यावर दुसरे नाव लिहिण्यास जागाच उरू नये. 'पट्टकृमी' या विशेषणाने ती कुप्रसिद्ध झाली. पुढे त्या राज्यात मतपत्रिकेचा कागद व आकार कायद्याने ठरवून दिला गेला. १८८८ साली लुइव्हिल शहरासाठी आणि मॅसॅच्युसेट्स राज्यासाठी ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या, म्हणजे शासनाने छापलेल्या गुप्त मतपत्रिकेचे कायदे झाले, आणि त्यानंतर काही वर्षांतच बहुतेक राज्यांनी ती पद्धत स्वीकारली.

येथे संग्रहाच्या दृष्टीने एक साधी पण महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पेटीत पडलेल्या मतपत्रिका मोजणीनंतर बहुधा नष्ट केल्या जात. म्हणजेच आज संग्रहात जी मतपत्रिका सुस्थितीत आढळते ती जवळजवळ नेहमीच न वापरलेली असते. मुद्रकाकडे उरलेली, कार्यकर्त्याच्या खिशात राहिलेली, कोणी आठवण म्हणून वहीत ठेवलेली अशी ती प्रत होय. लिंकनच्या नावाची १८६० ची मतपत्रिका लिलावात 'लिंकनला दिलेले मत' म्हणून मांडली जाते तेव्हा वस्तुस्थिती नेमकी उलट असण्याचा संभव अधिक. ते न दिलेले मत आहे.

अनुपस्थितीचाही विचार करावा लागतो. १८६० च्या निवडणुकीत दक्षिणेतील नऊ राज्यांत लिंकनच्या नावावर एकही मत नोंदले गेले नाही, आणि दक्षिण कॅरोलायनात तर जनतेचे मतदानच नव्हते. तेथील विधिमंडळ निर्वाचक निवडत असे. लिंकनचे नाव दक्षिणेत 'मतपत्रिकेवर नव्हते' असे विधान अनेक लोकप्रिय ग्रंथांत येते. ते भ्रामक आहे, कारण नाव गाळण्यासाठी शासनाची मतपत्रिकाच अस्तित्वात नव्हती. रिपब्लिकन पक्षाची मतपत्रिका छापून ती उघड्यावर वाटण्याचे धाडस करणारी संघटना तेथे नव्हती, हा खरा अर्थ. न छापलेल्या कागदाचा संग्रह होत नाही; त्यामुळे संग्रहाच्या कपाटात हा इतिहास दिसत नाही. केंटकीसारख्या राज्याचा प्रश्न वेगळाच आहे. तेथे तोंडी मतदानाची पद्धत शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत टिकली. मतपत्रिकांच्या संग्राहकाला अशा राज्यांतून काय मिळणार?

१८४० : विपुलतेचा अर्थ

प्रचारसाहित्याच्या इतिहासात १८४० च्या निवडणुकीला आरंभबिंदूचे स्थान दिले जाते. व्हिग पक्षाचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन यांची, ओंडक्यांच्या झोपडीत बसून सफरचंदाची दारू पिणारा म्हातारा, अशी टवाळी एका विरोधी वृत्तपत्राने केली. व्हिगांनी तीच प्रतिमा उचलली. झोपडी आणि दारूचे पिंप फितींवर, गाण्यांच्या मुखपृष्ठांवर, पंचांगांवर आणि भित्तिपत्रकांवर आले. होरेस ग्रीली यांनी 'द लॉग कॅबिन' हे प्रचारवृत्तपत्र काढले आणि त्याचा खप सुमारे ८०,००० प्रतींपर्यंत गेला. प्रत्यक्षात हॅरिसन हे व्हर्जिनियातील मळेवाल्या श्रीमंत घराण्यात जन्मले होते आणि त्यांचे वडील स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी एक होते. झोपडी ही मुद्रणालयात बांधली गेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्या वर्षी सुमारे ८० टक्के पात्र मतदारांनी मतदान केले. एवढे मतदान, एवढे साहित्य. तेव्हा सामान्य अमेरिकन माणूस राजकारणाने भारलेला होता, असा निष्कर्ष सहज काढला जातो. रॉजर फिशर यांचा 'टिपेकनू अँड ट्रिंकेट्स टू' (१९८८) हा १८२८ ते १९८४ या काळातील प्रचारवस्तूंचा अभ्यास या विषयातील सर्वांत गंभीर प्रयत्नांपैकी आहे. वस्तू केवळ कौतुकाने मांडण्याच्या संग्राहकी परंपरेतून त्यांनी हा विषय बाहेर काढला आणि प्रत्येक प्रचारमोहिमेच्या राजकीय संदर्भात वस्तू वाचली. हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु उरलेल्या वस्तूंवरून मोहिमेचे स्वरूप वाचण्याची पद्धत एका गृहीतकावर उभी असते : जे उरले ते जे होते त्याचे प्रमाणबद्ध प्रतिनिधित्व करते. हे गृहीतक १८४० साठी तपासून पाहण्यासारखे आहे. हॅरिसनच्या वस्तू व्हॅन ब्युरेनच्या वस्तूंपेक्षा कितीतरी अधिक संख्येने उपलब्ध आहेत. व्हिगांनी अधिक छापले हे त्याचे एक कारण असणारच. मात्र विजेत्याची आठवण जपली जाते, पदग्रहणानंतर महिन्याभरातच निधन पावलेल्या अध्यक्षाची अधिकच जपली जाते, आणि रेशमी फीत ठेवायला पेटी व माळा असलेली घरे ती जपू शकतात, ही कारणेही तितकीच संभवनीय आहेत. संख्येवरून यांतील कोणते कारण किती बलवान हे सांगता येत नाही.

१८२८ चे उदाहरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. फिलाडेल्फियाचे संपादक जॉन बिन्स यांनी अँड्र्यू जॅक्सन यांच्या विरोधात शवपेटिकांची काळी चित्रे असलेली हस्तपत्रके छापली. १८१५ मध्ये जॅक्सनच्या अधिकारात देहान्त शासन झालेल्या सहा नागरी सैनिकांच्या नावाच्या सहा शवपेटिका त्यांवर होत्या. या निवडणुकीतील कोणताही दुसरा कागद इतक्या वेळा पुनर्मुद्रित व प्रदर्शित झालेला क्वचितच आढळेल. निवडणूक मात्र जॅक्सन यांनी जिंकली. कागदाचे भयंकर देखणेपण आणि त्याचा मतदारावरील परिणाम यांचा संबंध गृहीत धरता येत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागू नये.

ग्लेन आल्टशुलर आणि स्टुअर्ट ब्लूमिन यांनी 'रूड रिपब्लिक' (२०००) या ग्रंथात नेमका हाच धागा ओढला. छोट्या गावांची वृत्तपत्रे, रोजनिशा यांसारख्या साधनांच्या आधारे त्यांनी राजकारणाविषयीची उदासीनता, संशय आणि तात्पुरता उत्साह यांकडे लक्ष वेधले. त्यांच्या मांडणीत सामान्य माणसाचे अंतर थोडे जास्तच ताणले गेले आहे, अशी शंका घेण्यास जागा आहे. ८० टक्के मतदान केवळ पक्षयंत्रणेच्या रेट्याने होत नसते. तरीही कागदाच्या ढिगावरून उत्साह मोजण्याच्या सवयीला त्यांनी दिलेला छेद आवश्यक होता.

मुद्रकाचे दुकान

बर्नार्ड रायली यांनी सिद्ध केलेली 'अमेरिकन पोलिटिकल प्रिंट्स, १७६६-१८७६' (१९९१) ही काँग्रेसच्या ग्रंथालयातील राजकीय मुद्राचित्रांची सूची अभ्यासकाला कोणत्याही इतिहासग्रंथाइतकीच उपयोगी आहे. चित्रातील व्यक्ती, प्रसंग आणि फुग्यांतील संवाद यांचे तिने केलेले विवरण आदर्शवत मानावे लागेल. मात्र या संग्रहाचा मोठा भाग ग्रंथालयाकडे कसा आला हे विसरता येत नाही. मुद्रकाने स्वामित्वहक्कासाठी जमा केलेल्या प्रती, हा त्याचा एक प्रमुख स्रोत. १८७० च्या कायद्याने हे काम काँग्रेसच्या ग्रंथालयाकडे आले. ज्या चित्राची नक्कल होण्याची भीती वाटे, ज्यात विक्रीची आशा असे, त्याचाच हक्क नोंदविण्याचा खर्च व्यावसायिक मुद्रक करी. गावातील छापखान्याने रात्रीतून छापलेल्या हस्तपत्रकाचा हक्क कोण नोंदविणार? परिणामी राष्ट्रीय ग्रंथालयातील राजकीय चित्रसंग्रह न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरांतील व्यावसायिक दुकानांकडे झुकलेला आहे.

त्या दुकानांचे राजकारण काय होते? करियर आणि आइव्हज ही न्यूयॉर्कची शिळामुद्रण संस्था याचे उत्तर देते. १८४४ मध्ये नथॅनिएल करियर यांनी व्हिग आणि डेमोक्रॅटिक अशा दोन्ही पक्षांसाठी 'राष्ट्रीय ध्वजपट' छापले. गरुड, झेंडे, पडदे यांची चौकट सारख्याच धाटणीची. मधली चित्रे तेवढी बदललेली. १८६० मध्ये याच संस्थेने लिंकनची आदरयुक्त चित्रेही विकली आणि 'द रेल कँडिडेट' सारखी त्याची खिल्ली उडवणारी चित्रेही विकली. निवडणुकीनंतर लिंकनने दाढी वाढवली तेव्हा अनेक मुद्रकांनी जुन्याच ठशांवर दाढी कोरली. हॅरॉल्ड होल्झर, गॅबर बोरिट आणि मार्क नीली यांच्या 'द लिंकन इमेज' (१९८४) या ग्रंथाने लोकप्रिय मुद्राचित्रामागील ही बाजारपेठ तपशिलाने उलगडली आहे. ज्याला संग्राहक पक्षनिष्ठेचा पुरावा समजतो तो पुष्कळदा व्यापाऱ्याच्या तटस्थतेचा पुरावा असतो.

जे भिंतीवर लावले जात नाही

करियर आणि आइव्हज यांची हिमाच्छादित शेतघरे आणि घोडागाड्या शुभेच्छापत्रांवर आजही दिसतात. याच संस्थेच्या १८६० मधील 'अ‍ॅन एअर टू द थ्रोन' या चित्रात, बार्नम यांनी न्यूयॉर्कमध्ये 'हे आहे तरी काय?' अशा जाहिरातीने मांडलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाला लिंकन आणि ग्रीली यांच्या मध्ये उभे करून रिपब्लिकन पक्षाचा पुढचा उमेदवार म्हणून हिणवले आहे. १८६४ च्या निवडणुकीपूर्वी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रातील डेव्हिड गुडमन क्रोली आणि जॉर्ज वेकमन यांनी निनावी पुस्तिका काढून वर्णसंकराचा पुरस्कार हे जणू रिपब्लिकनांचेच धोरण असल्याचा बनाव केला; वर्णसंकरासाठीचा इंग्रजी शब्दही त्या पुस्तिकेनेच रूढ केला. १८६६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरपदासाठी हिस्टर क्लायमर यांच्या बाजूने लावलेल्या भित्तिपत्रकांत मुक्त गुलामांसाठीचे शासकीय कार्यालय म्हणजे गोऱ्यांच्या श्रमावर काळ्यांना आळशी पोसण्याची सोय, असे चित्र रंगविले होते. क्लायमर हरले, परंतु प्रचाराची ही भाषा हरली असे म्हणता येत नाही.

मराठी अभ्यासकासाठी या कागदांना एक वेगळा संदर्भ आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. दूर पुण्यात पोहोचलेली अमेरिका ती होती. त्याआधीच्या दशकातील भित्तिपत्रके दुसऱ्या अमेरिकेची साक्ष देतात, आणि अर्पणपत्रिकेतील कृतज्ञता ज्या माणसांना उद्देशून होती त्यांना स्वदेशात किती प्रखर विरोधाला तोंड द्यावे लागले हे या कागदांवाचून समजत नाही. संग्राहकाने असे साहित्य जमवावे काय, हा प्रश्न अमेरिकेत अधूनमधून विचारला जातो. जमवले नाही तर पुरावा जातो. जमवले आणि केवळ दुर्मीळतेच्या मोलाने विकले तर द्वेषाची वस्तू शोभेची वस्तू होते. सार्वजनिक ग्रंथालयात, संदर्भाच्या टिपणासह ती असणे हाच त्यातल्या त्यात सयुक्तिक मार्ग दिसतो.

छंद, बाजार आणि नोंद

१९४५ मध्ये अमेरिकन राजकीय वस्तूंच्या संग्राहकांची संघटना स्थापन झाली. हळूहळू या छंदाला मोजपट्ट्या मिळाल्या : उमेदवाराची प्रसिद्धी, दुर्मीळता, रंग, निष्कलंक स्थिती, आणि अध्यक्ष व उपाध्यक्ष या दोघांची चित्रे एकत्र असणे. किमतीबरोबर नकलाही आल्या. १९७३ च्या छंदसंरक्षण कायद्यान्वये राजकीय वस्तूंच्या नकलेवर निर्मितीचे वर्ष ठळकपणे छापणे बंधनकारक झाले. एका छंदासाठी संसदेने कायदा करावा ही बाब नवलाची खरी; पण त्यातून या बाजाराचा आकार कळतो.

नकलेपेक्षाही अधिक हानी मोडतोडीने होते. एखाद्या घरातील चिकटवहीत १८७६ ची मतपत्रिका, मिरवणुकीचे निमंत्रण, वृत्तपत्राचे कात्रण आणि घरगुती हिशेबाचा चिटोरा शेजारी शेजारी असतो. ती वही फोडून पाने सुटी विकली की प्रत्येक पानाला भाव येतो आणि वहीचा अर्थ नाहीसा होतो. कोणी, कुठे, कशाशेजारी हे ठेवले, ही माहिती गेली की उरलेल्या कागदावर फक्त उमेदवाराचे नाव राहते. हिशेबाचा चिटोरा तर विकलाच जात नाही.

कागदाचा पोतही संग्रहाला वळण देतो. शतकाच्या पूर्वार्धातील पत्रके चिंध्यांच्या कागदावर असल्याने आजही लवचीक आहेत. उत्तरार्धातील लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडून तुकडे होतो. १८९६ मध्ये मॅकिन्ली यांच्या प्रचारयंत्रणेने शिकागोच्या कार्यालयातून अनेक भाषांत जी पत्रके वाटली त्यांची संख्या सुमारे २० कोटी सांगितली जाते. तेव्हा देशाची लोकसंख्या सुमारे ७ कोटी होती. परंतु त्या वर्षाची आठवण संग्रहांत मुख्यतः सेल्युलॉइडच्या चकचकीत बिल्ल्यांनी व्यापली आहे. नाणे आणि सोने-चांदी यांवरील रूक्ष युक्तिवादाची पत्रके गेली, चेहरे राहिले. राजकारण युक्तिवादाकडून चेहऱ्याकडे वळले असा निष्कर्ष या कपाटापुढे उभे राहून काढणाऱ्याने कागदाचा लगदा विसरू नये.

मतदाराचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर रिचर्ड बेन्सेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी धरलेली वाट उपयुक्त ठरते. 'द अमेरिकन बॅलट बॉक्स इन द मिड-नाइन्टीन्थ सेंच्युरी' (२००४) या ग्रंथासाठी त्यांनी वादग्रस्त निवडणुकांच्या चौकशीतील साक्षी वाचल्या. मतपत्रिका कोणी हातात दिली, कोण पाहत होते, कोणी दमदाटी केली, दारू कोणी पाजली, हे साक्षीदारांनी शपथेवर सांगितले आहे. संग्रहातील सुंदर कागद या साक्षींशेजारी ठेवला म्हणजे त्याच्या रंगाचा अर्थ उमगतो.

असे शेजारी ठेवण्यासाठी सूचीकारांनी आपल्या नोंदीत काही गोष्टींची भर घालणे गरजेचे आहे. उमेदवार, वर्ष, आकार आणि मुद्रक यांबरोबर कागद कोठून आला, कोणत्या वहीतून सुटला आणि त्याच्या पाठीवर काय आहे हे नोंदले पाहिजे. विशेषतः खाडाखोड नोंदली पाहिजे. संग्राहकाच्या मोजपट्टीत घडी, शाईचा डाग, पेन्सिलीची रेघ आणि वर चिकटवलेली चिठ्ठी ही सगळी दोषांत मोडतात. अशी प्रत कमी भावाने जाते, कधी चिठ्ठी भिजवून काढून कागद 'स्वच्छ' केला जातो. छापलेल्या नावावर एक रेघ ओढून, बाजूला दुसरे नाव वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेली मतपत्रिका पेटीत गेली नसली तरी पक्षाने दिलेल्या यादीपुढे कोणी तरी क्षणभर थांबले होते एवढे ती सांगते, आणि या सर्व कपाटांत मतदाराचा हात जर कुठे उमटला असेल तर तो अशाच डागाळलेल्या प्रतींवर.